पडद्यावरचें मंगरूळ

मी पंचवटींत राहणारा एक निवृत्त शाळामास्तर. माझें शिक्षण मॅट्रिकपलीकडे गेलें नाहीं. चित्रपटकलेचा अभ्यास तर मुळींच नाहीं. तेव्हां आजचें माझें बोलणें हें टीकाकाराचें परीक्षण नसून एका साध्या प्रेक्षकाचें निवेदन आहे, असें समजून आपण तें ऐकून घ्यावें. विषय आहे ‘देऊळ’ हा मराठी बोलपट. २०११ च्या नोव्हेंबर महिन्यांत तो प्रदर्शित झाला. आतां त्या गोष्टीला बरींच वर्षें लोटलीं; परंतु त्या दिवशीं चित्रपटगृहांत मी जें हंसलों, त्याचा हिशेब माझ्या मनांत अद्यापि पुरा झालेला नाहीं.

आमचें नाशिक आणि चित्रपट यांचा ऋणानुबंध जुना आहे. दादासाहेब फाळके यांचा जन्म १८७० सालीं जवळच्याच त्र्यंबकेश्वरीं झाला, आणि १९४४ सालीं त्यांनीं देह ठेवला तो नाशकांतच. त्यांच्या १९१७ च्या ‘लंकादहन’ या मूकपटांत प्रभु रामचंद्र पडद्यावर दिसले, कीं प्रेक्षक हात जोडीत, असें सांगतात. पडद्यावर होती ती केवळ छाया. परंतु पाहणाराच्या लेखीं तो साक्षात् देवच होता. रामाच्या नांवावर नांदणाऱ्या पंचवटीला यांत नवल वाटण्याजोगें कांहीं नाहीं. नवल वाटलें तें जवळजवळ शंभर वर्षांनीं. देवाच्या दर्शनाचीच कथा सांगणारा हा बोलपट आला, आणि आमच्या लोकांनीं तो पाहतांना हात जोडले नाहींत. ते पोट धरून हंसले.

कथा थोडक्यांत सांगतों. मंगरूळ नांवाचें एक आडगांव. तेथला केशा हा भोळा तरुण आपली करडी गाय शोधतां शोधतां औदुंबराखालीं निजतो, आणि त्याला दत्ताचें दर्शन घडतें. तो गांवभर तें सांगत सुटतो. त्याच गांवांत अण्णा नांवाचे एक वृद्ध व विचारी गृहस्थ आहेत. गांवांत इस्पितळ व्हावें अशी त्यांची खटपट चाललेली असते. पण दर्शनाची वार्ता पसरते, वर्तमानपत्रांत येते, रिकाम्या तरुणांच्या हातीं कार्य लागतें, आणि राजकारणांत मुरलेले भाऊ वारा कोणीकडे वाहतो आहे तें ओळखतात. इस्पितळ मागें पडतें. देऊळ उभें राहतें. मग दुकानें येतात, गाड्या येतात, पैसा येतो. शेवटीं ज्याला दर्शन घडलें त्या केशालाच त्या गर्दींत आपला देव सांपडेनासा होतो. तो मूर्ति उचलून घेऊन जातो. तरीहि गांवाचा व्यवहार थांबत नाहीं.

दिग्दर्शन उमेश विनायक कुलकर्णी यांचें. लेखन गिरीश कुलकर्णी यांचें, आणि केशाची भूमिकाहि त्यांचीच. दिलीप प्रभावळकर अण्णा झाले आहेत, नाना पाटेकर भाऊ. सोनाली कुलकर्णी, ज्योति सुभाष अशीं आणखी किती तरी जाणतीं नटमंडळी यांत आहेत; पण कोणा एकाच्या खांद्यावर खेळ उभा नाहीं, सबंध गांव मिळून तो खेळतें. दुसरी गोष्ट अशी, कीं या गांवांत खरोखर दुष्ट असा मनुष्य शोधूं गेल्यास सांपडत नाहीं. भाऊंना मतें हवीं, दुकानदाराला गिऱ्हाईक हवें, तरुणांना उद्योग हवा, म्हातारीला दर्शन हवें. प्रत्येकाचें म्हणणें निराळें ऐकावें तर पटतें. बेरीज मात्र चुकते.

सरकारदरबारीं या बोलपटाचा मोठा गौरव झाला. ५९ व्या राष्ट्रीय पारितोषिकांत उत्कृष्ट चित्रपटाचें सुवर्णकमळ त्याला ‘ब्यारी’ या चित्रपटाबरोबर विभागून मिळालें. गिरीश कुलकर्णी यांना अभिनय आणि संवाद या दोहोंबद्दल पारितोषिक मिळालें. ‘श्यामची आई’ आणि ‘श्वास’ यांच्यानंतर हा सर्वोच्च मान मराठीला मिळाला तो यामुळें.

परंतु पारितोषिकें परीक्षक देतात. प्रेक्षकांचा निकाल मागाहून, घरोघरीं लागतो. आमच्या आळींतले तीन निकाल आपणांपुढें ठेवतों.

पहिला निकाल पूजाअर्चा करणाऱ्या एका शेजाऱ्यांचा. ते रागावले होते. म्हणाले, “मास्तर, देवाची ही थट्टा झाली.” मीं विचारलें, “देवाची थट्टा नेमकी कोठें आहे?” ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “देवाची नाहीं खरी. पण लोक एवढा विचार करीत नाहींत. ते म्हणणार, सगळीं देवस्थानें अशींच.” त्यांची भीति अगदींच खोटी नव्हती. मीं त्यांना एवढेंच म्हटलें, कीं देवळाच्या दारीं माणसांविषयीं प्रश्न विचारला जाणें आपल्या पंचवटीला नवें नाहीं. १९३० च्या मार्च महिन्याच्या २ तारखेला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखालीं काळारामाच्या दारीं सत्याग्रह सुरू झाला. तो प्रश्न रामाची थट्टा करणारा नव्हता. तो आपणां माणसांना विचारलेला होता.

दुसरा निकाल माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा. तो खूष होता. “गुरुजी, त्या खेडवळांची काय जिरवली आहे!” असें तो म्हणाला. मंगरूळ म्हणजे दुसऱ्या कोणाचें तरी गांव, अशी त्याची खात्री होती. सिंहस्थांत हाच गृहस्थ आपल्या वाड्याच्या खोल्या दामदुपटीनें भाड्यानें देतो, हें मीं त्याला बोलून दाखविलें नाहीं.

तिसरा निकाल एका फुलवालीचा. तिनें हा बोलपट पुढें कधीं तरी दूरदर्शन-संचावर पाहिला. ती म्हणाली, “गुरुजी, दवाखाना पाहिजेच. पण देऊळ झालंच नसतं, तर मंगरूळच्या बायकांनी फुलं कोणाला विकायची? माझी दोन्ही पोरं या टोपलीवर शिकली.” याला काय उत्तर द्यावें तें मला त्या वेळीं सुचलें नाहीं, आणि आजहि सुचलेलें नाहीं. मंगरूळला देऊळ नकोच होतें, असें म्हणणें घरीं बसून सोपें आहे.

आतां माझा स्वतःचा निकाल. चित्रपटगृहांत मी सगळ्यांत मोठ्यानें हंसलों तो बैठकींच्या प्रसंगांना, जेथें एकामागून एक माना देवळाच्या बाजूनें डोलूं लागतात. हंसतांना माझी अशी समजूत होती, कीं त्या गांवांत मी अण्णांच्या जागीं बसलों आहें. मास्तराला ती जागा आपोआपच मिळते. घरीं परत येतांना रामकुंडाजवळ मला एक जुनी बैठक आठवली. मी सेवेंत असतांनाची ती गोष्ट. एका शाळेला देणगी आली होती. त्या पैशांतून मुलींसाठीं शौचकूप बांधावे, कीं प्रवेशद्वारावर देणगीदाराच्या वडिलांच्या नांवाची कमान उभारावी, असा प्रश्न होता. बैठकींत वाईट मनुष्य एकहि नव्हता. देणगीदार दुखावूं नये, कमानीनें शाळेची शोभा वाढेल, शौचकुपांचें पुढच्या वर्षीं पाहूं, असें प्रत्येकजण सौम्यपणें बोलला. मत घेतलें तेव्हां कमानीच्या बाजूनें मींहि हात वर केला.

पुढचें वर्ष आलें आणि गेलें. त्या सुमारास कांहीं मुलींचीं नांवें शाळेंतून कमी झालीं. घरचें काम, लग्न, लांबचें अंतर अशीं कारणें पटावर लिहिलीं गेलीं. त्यांतलीं कांहीं माझ्याच अक्षरांत आहेत. खरें कारण काय होतें, तें आम्हीं त्या मुलींना विचारलेंहि नाहीं.

ती कमान आजहि उभी आहे, आणि दिसतेहि चांगली.

श्रोतेहो, आपणांपैकीं कोणीं ‘देऊळ’ पाहिला नसेल तर अवश्य पाहावा. हंसूं येईल तेथें मोकळ्या मनानें हंसावें. तो हंसण्याजोगाच आहे. मात्र गांवकरी जमून विचार करूं लागले, म्हणजे त्या घोळक्यांत आपण कोठें बसलों आहों, हें एकदां निरखून पाहावें. मला माझी जागा सांपडली. ती अण्णांच्या शेजारीं नव्हती.