व्यासपीठ आणि वर्तुळ

व्यासपीठ, अध्यक्ष, स्वागताध्यक्ष, हारतुरे आणि मग नेमलेल्या क्रमाने नेमलेल्या वक्त्यांची भाषणे, हे परिषदेचे रूप इतके अंगवळणी पडलेले आहे की, याहून निराळी परिषद भरू शकेल ही कल्पनाच पुष्कळांना चमत्कारिक वाटावी. श्रोत्याने ऐकावयाचे, टाळी वाजवावयाची, आणि शेवटी वेळ उरल्यास एखादा प्रश्न विचारावयाचा. वेळ बहुधा उरत नाही.

1983 मध्ये हॅरिसन ओवेन नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी 250 प्रतिनिधींची एक आंतरराष्ट्रीय परिषद भरविली. तिच्या सिद्धतेसाठी ते वर्षभर खपले. परिषद पार पडली. परंतु ती संपल्यावर संयोजकांसकट सर्वांचे एकमत झाले ते असे की, खरा उपयोग कशाचा झाला असेल तर तो मधल्या कॉफीच्या सुट्टीचा! ज्या भाषणांसाठी वर्ष वेचले ती मागे पडली, आणि जिच्यासाठी काहीच करावे लागले नव्हते ती सुट्टी लोकांच्या लक्षात राहिली. दुसरा कोणी असता तर हिरमुसला असता. ओवेन मात्र विचारात पडले.

त्यांना आठवण झाली ती आफ्रिकेतील लायबेरिया देशातल्या बालामा या खेड्याची. तेथे त्यांनी पूर्वी मुलांच्या वयात येण्याचा चार दिवसांचा सोहळा पाहिला होता. त्या सोहळ्याला कोणतीही कार्यकारी समिती नव्हती. तरीही सर्व काही यथासांग पार पडले. गाव मोकळ्या जागेभोवती वसलेले, आणि माणसे वर्तुळात जमलेली.

1985 मध्ये कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे येथे ओवेन यांनी हा प्रयोग करून पाहिला. 85 माणसे आली, तेव्हा आरंभाची वेळ, समाप्तीची वेळ आणि स्थूलमानाने विषय, एवढेच ठरलेले होते. सर्वजण वर्तुळात बसले. ज्याला एखाद्या प्रश्नाची खरोखर तळमळ असेल त्याने उठून मध्यभागी यावे, कागदावर तो विषय आणि आपले नाव लिहावे, सर्वांना वाचून दाखवावे आणि तो कागद भिंतीवर लावावा. चर्चा कोठे व केव्हा होणार हेही तेथेच नोंदवावे. विषय मांडणाऱ्याने ती चर्चा चालविण्याचे दायित्व पत्करलेच, असे समजावयाचे. अवघ्या काही तासांत संपूर्ण परिषदेची कार्यक्रमपत्रिका भिंतीवर उभी राहिली. या पद्धतीला ‘ओपन स्पेस’ म्हणजे मोकळी जागा असे नाव पडले, आणि 1989 मध्ये भारतातही तिचा प्रयोग झाला.

तिचा एक नियम फार मौजेचा आहे. जेथे आपण काही शिकत नाही आणि काही देतही नाही, तेथून आपल्या दोन पायांनी उठून दुसरीकडे जावे. आपल्याकडे भाषण चालू असता उठून जाणे हा वक्त्याचा अपमान समजला जातो; येथे तो सौजन्याचा भाग ठरतो. कंटाळवाण्या वक्त्याला यापरता दुसरा धाक नाही.

मग व्यासपीठ मोडीत काढावे काय? तसे म्हणता येत नाही. एखाद्याने आयुष्य वेचून मिळविलेले ज्ञान ऐकावयाचे तर त्याला तासभर निवांत बोलू दिले पाहिजे. शिवाय मोठ्या समुदायाने एका आवाजात काही सांगावयाचे असेल तर मंडपच हवा. 1946 साली बेळगावच्या मराठी साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. अशा ठरावाला जे बळ येते ते भिंतीवरील पन्नास कागदांना येणार नाही.

परंतु वर्तुळाची खरी कसोटी याहून अवघड आहे. ‘जे आले तेच योग्य लोक’ असे या पद्धतीचे एक सूत्र आहे. चर्चेला चौघेच आले म्हणून खंत करू नये, एवढाच त्याचा रोख. आणि तेवढ्यापुरते ते शहाणपणाचेही आहे. पण न आलेल्यांचे काय? 1885 मध्ये मराठी ग्रंथकारांच्या सभेचे निमंत्रण न्यायमूर्ती रानडे यांच्याकडून जोतीराव फुले यांना गेले. जे सर्व माणसांचे हक्क मनापासून मान्य करीत नाहीत त्यांच्या सभांशी आपला मेळ बसणार नाही, अशा आशयाचे पत्र पाठवून जोतीरावांनी ते नाकारले. ती सभा वर्तुळात बसली असती तरी त्या उत्तरात काही फरक पडला असता, असे वाटत नाही. खुर्च्या गोल मांडल्या म्हणून थोरामोठ्यांसमोर तोंड न उघडण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय सुटत नाही. सून सासऱ्यादेखत, कारकून साहेबादेखत मध्यभागी जाऊन कागदावर आपला विषय लिहील, हे गृहीत धरता येत नाही. तिने लिहिलाच, तर त्या चर्चेला कोण येऊन बसते, तेही पाहावे लागेल.

बालामाच्या सोहळ्यात हा प्रश्न वेगळ्या रीतीने सुटलेला होता. तो सोहळा गावाचाच होता. त्यासाठी कोणी कोणाला निमंत्रण धाडावयाचे नव्हते.