स्वतः तापणाऱ्या तारेची साक्ष



अध्यक्षाने आपल्या शास्त्राच्या प्रगतीचा आढावा घ्यावा असा रिवाज आहे. तो मोडून मी आज एकाच मोजणीबद्दल बोलणार आहे.

रोधाच्या प्रयोगात विद्यार्थ्याला आपली पहिली ताकीद असते, 'करंट कमी ठेव.' तार तापली की रोध बदलतो, आलेखाची रेघ वाकते आणि वहीवर लाल शेरा येतो. पण ६० वॉटचा जुना बल्ब घ्या. २३० व्होल्टवर पेटलेला असताना त्याचा रोध ८८० ओहमच्या आसपास भरतो; विझवून, गार झाल्यावर मल्टिमीटर लावा, तर त्याचा दहावा हिस्साही दिसत नाही. ओहमचा नियम इथे चालत नाही, असे सांगून आपण पुढच्या प्रयोगाकडे वळतो. त्या फिलामेंटने मात्र आपले तापमान आपणच सांगून टाकलेले असते. तीच शेगडी, तोच तापमापक.

बारीक आणि पातळ वस्तूंची उष्णतावाहकता मोजताना तर नमुन्याने असे स्वतःच तापल्याखेरीज भागतच नाही. केसाहून बारीक कार्बन तंतू किंवा नॅनोट्यूबची फिल्म घ्या आणि तिला बाहेरून हीटर व थर्मोकपल चिकटवा. नमुन्यातून जाईल त्यापेक्षा जास्त उष्णता थर्मोकपलच्या तारांतूनच निघून जाईल. मग मोजले काय?

ही वाट नवी नाही. ऑर्सो मारिओ कोर्बिनो या इटालियन भौतिकशास्त्रज्ञाने १९१० साली दिव्याच्या बारीक फिलामेंटमध्ये एसी करंट सोडून तापमानाची आंदोलने अभ्यासली आणि त्यांतून विशिष्ट उष्णतेचा माग काढला. (पुढे फर्मीला रोममध्ये आणणारे कोर्बिनो ते हेच. लोकांना ते त्यासाठीच आठवतात, हे मला थोडे अन्यायाचे वाटते.) युक्ती अशी: उष्णता करंटच्या वर्गावर अवलंबून असते, म्हणून करंटच्या एका आवर्तनात तार दोनदा तापते. तिचा रोधही मग दुप्पट वारंवारतेने हलतो. या हलत्या रोधातून मूळ करंट गेला की व्होल्टेजमध्ये तिप्पट वारंवारतेचा एक क्षीण स्वर उमटतो. त्याच्या उंचीवरून उष्णतावाहकता कळते. वारंवारता वाढवताना तो कुठे खचू लागतो, यावरून विशिष्ट उष्णता. डेव्हिड केहिल यांनी १९९० च्या सुमारास ही रीत विद्युतरोधक पदार्थांसाठी रुळवली, त्यांच्यावर धातूची अरुंद पट्टी बसवून. २००१ मध्ये लू, यी आणि झांग यांनी टांगलेल्या वाहक तंतूसाठी तिचे गणित नीट मांडले. आज आपल्यापैकी बरेच जण वापरतात ते हेच सूत्र.

आणि इथेच माझी तक्रार सुरू होते. ते सूत्र असे धरून चालते की तारेतली उष्णता फक्त दोन टोकांकडून बाहेर पडते. नमुना निर्वातात ठेवला की हवेचा प्रश्न मिटतो, पण प्रारणाचा मिटत नाही. हिशेब करून पाहा. तंतू १० मायक्रोमीटर जाडीचा, एक सेंटीमीटर लांब, काळा. त्याची खरी वाहकता १० वॉट प्रति मीटर-केल्विन. नेहमीच्या तापमानाला काळा पृष्ठभाग दर चौरस मीटरमागे, दर अंशाला सुमारे ६ वॉट फेकतो. आकडा क्षुल्लक वाटतो. पण इतक्या बारीक तंतूत छेदाच्या मानाने अंग फार मोठे असते. स्थूलमानाने, टोकांतून जाते त्याच्या जवळजवळ अडीचपट उष्णता अंगावाटे निघून जाते. सूत्र मात्र ती सगळी वाहकतेच्या खात्यात जमा करते आणि १० च्या जागी ३४ दाखवते! तोच तंतू दोन मिलिमीटरचा कापा, उत्तर ११ च्या आसपास येते. ही चूक लांबीच्या वर्गाने वाढते. वाईट याचे की ती नेहमी आपल्याला हव्या त्या दिशेने होते: वाहकता जास्त दिसते, निबंध लवकर छापून येतो.

उपाय महागडा नाही. एकाच नमुन्याच्या तीन-चार लांबींवर मोजा, आलेख लांबीच्या वर्गासमोर काढा, रेघ शून्य लांबीपर्यंत मागे न्या. फार आखूड तुकडेही घेऊ नका. तिथे टोकांच्या जोडाचा औष्णिक रोध डोके वर काढतो आणि वाहकता उलट कमी दिसू लागते. चांदीची पेस्ट जोडाला पुरते का, हे प्रत्येकाने आपल्या नमुन्यावर पाहावे. माझा तिच्यावर फारसा विश्वास नाही. व्होल्टेजसाठी वेगळी दोन टोके हवीतच.

करंट किती द्यावा, असे तरुण मंडळी विचारतात. धातूच्या बाबतीत याचे उत्तर मोठे गमतीचे आहे. निर्वातात टांगलेल्या तारेची टोके ३०० केल्विनवर धरली आणि प्रारण नगण्य असले, तर टोकांमध्ये दशांश व्होल्ट दिल्यावर ती मधोमध सुमारे १४० अंशांनी तापते. मग तार तांब्याची असो वा सोन्याची, लांब असो वा आखूड. धातूच्या विद्युतवाहकतेची आणि उष्णतावाहकतेची सांगड घालणाऱ्या वीडेमान-फ्रान्झ नियमाचीच ही करामत. तेव्हा व्होल्टेज जपून वाढवा, आणि तिप्पट वारंवारतेचा सिग्नल करंटच्या घनाने वाढतो आहे ना, हे आधी तपासा. तसा वाढत नसेल, तर तो तारेचा नव्हे, तुमच्या अ‍ॅम्प्लिफायरचा असण्याची शक्यता धरा.

दुपारच्या सत्रात पोस्टर लावणाऱ्यांना आत्ताच सांगून ठेवतो. वाहकतेचा आकडा कितीही देखणा असो, माझा पहिला प्रश्न नमुन्याच्या लांबीचा असेल आणि दुसरा, दुसऱ्या लांबीचा.