दहावा माणूस

हैदराबादेत सुलतान बाजार, जांबाग किंवा काचीगुडा या भागांत मराठी मंडळींचा एखादा समारंभ असला, म्हणजे एक दृश्य हमखास दिसते. व्यासपीठावर वडीलधारी मंडळी बसलेली असतात, समोर श्रोतृवर्ग असतो, आणि दाराशी चौदा-पंधरा वर्षांची चार-दोन मुले-मुली उभी असतात. सतरंज्या त्यांनीच घातलेल्या असतात, पाण्याचे पेले त्यांनीच भरलेले असतात. आभारप्रदर्शनात त्यांच्या वाट्याला एखादे वाक्य येते, आणि पुढील वर्षापर्यंत त्यांची कोणास आठवण होत नाही. ही मुले त्या दिवशी आली नसती, तर काय अडले असते? खरे सांगावयाचे तर काहीच अडले नसते. सतरंज्या दुसऱ्या कोणी घातल्या असत्या. मुलांनाही हे पक्के ठाऊक असते. आणि म्हणूनच की काय, थोडी मोठी झाली म्हणजे ती येईनाशी होतात.

परंतु असाही एक समाज आहे, की जेथे तेरा वर्षांचा एक मुलगा आला नाही तर वडीलधाऱ्यांची प्रार्थना अडून राहते. तो समाज परका नाही. त्याची मातृभाषा मराठी आहे, त्याची आडनावे कोकणातील गावांवरून पडलेली आहेत. तो म्हणजे बेने इस्रायल, अर्थात महाराष्ट्रातील ज्यू समाज.

ज्यू धर्माच्या जुन्या रूढीप्रमाणे सार्वजनिक प्रार्थनेस किमान दहा प्रौढ पुरुष उपस्थित असावे लागतात. या दहांच्या समूहास मिन्यान म्हणतात. नऊ जण कितीही विद्वान असोत, धनवान असोत. दहावा आल्याशिवाय धर्मग्रंथाचे सार्वजनिक वाचन होत नाही. ज्याच्या घरी मृत्यू घडला आहे, त्याला आप्तांसाठी म्हणावयाची कद्दिश नावाची प्रार्थनाही म्हणता येत नाही. आणि 'प्रौढ' कोणास म्हणावयाचे? ज्याला तेरा वर्षे पूर्ण झाली त्याला. म्हणजे आठवी-नववीच्या वर्गातला, पाटी-दप्तराच्या जगातून नुकताच बाहेर पडू पाहणारा मुलगा. पित्याच्या शोकात बुडालेला साठ वर्षांचा गृहस्थ सिनेगॉगमध्ये उभा असतो, नऊ जण जमलेले असतात, आणि सर्वांचे डोळे दाराकडे लागलेले असतात. त्या दारातून हा मुलगा आत आला, की प्रार्थना सुरू होते. त्याने भाषण केलेले नसते, देणगी दिलेली नसते. तो केवळ आलेला असतो. पण तो आला नसता तर एका माणसाचे दुःख त्या दिवशी मुकेच राहिले असते.

या समाजाची पूर्वपीठिका थोडक्यात ध्यानी घेतली पाहिजे. परंपरा अशी सांगते, की फार प्राचीन काळी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी एक गलबत फुटले आणि त्यातून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. त्यांचे वंशज कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, गावोगाव पसरले. त्यांनी तेलाचा घाणा चालविला; आणि शनिवारी ते घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणू लागले. केहिमकर, दिवेकर, पेणकर, रोहेकर, अष्टमकर अशी त्यांची आडनावे ऐकली, म्हणजे कोकणचा नकाशाच डोळ्यांपुढे उभा राहतो. शतकानुशतके त्यांच्यापाशी ना धर्मग्रंथ होते, ना धर्मगुरू. शनिवार, सुंता, खाण्यापिण्याचे काही नियम आणि एक प्रार्थनावाक्य एवढ्या शिदोरीवर त्यांनी आपले वेगळेपण जपले. पुढे दावीद राहाबी नावाचे एक गुरू आले. त्यांनी झिराडकर, शापुरकर आणि राजपुरकर या घराण्यांतील तीन शिष्यांना निवडून धर्मशिक्षण दिले, आणि त्या तिघांच्या हाती समाज सोपविला, असे परंपरा सांगते. इतिहासकारांत राहाबींच्या काळाविषयी मतभेद आहेत. परंतु या कथेतील मर्म स्पष्ट आहे. गुरूने समाजाला उपदेश करून सोडले नाही. तिघांना काम दिले.

मुलाला काम देण्याची ही रीत या समाजाच्या घरगुती आचारातही दिसते. वल्हांडण सणाच्या रात्री मिसर देशातील दास्यातून सुटकेची कथा सांगावयाची असते. पण ती वडिलांनी आपण होऊन सुरू करावयाची नसते. घरातील सर्वांत लहान मुलाने प्रश्न विचारावयाचे, 'आजची रात्र इतर रात्रींहून वेगळी का?' आणि मग उत्तरादाखल कथा निघावयाची. या विधीचा ग्रंथ १८४६ साली मुंबईस मराठी भाषांतरासह छापला गेला, तेव्हा कोकणी ज्यूंच्या घरातील ती कथा मुलांच्या मायबोलीतही आली. एलियाहू हन्नाबी म्हणजे प्रेषित एलिया, यांच्या नावाने होणारा मलिद्याचा विधीही असाच आहे. भिजवलेले पोहे, नारळ, गोडी आणि फळे यांचे ताट सिद्ध करावे, प्रार्थना व्हावी आणि मग तो प्रसाद सर्वांना वाटावा. अशा घरात मूल पाहुणा म्हणून वाढत नाही.

एकोणिसाव्या शतकात हा समाज मोठ्या संख्येने मुंबईस आला. समाजी हसाजी दिवेकर या सैनिकाने १७९६ साली तेथे पहिले सिनेगॉग बांधले होते. पुढे शिक्षणाची निकड भासू लागली. डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रू व्याकरण प्रसिद्ध केले, आणि मिशनच्या शाळांतून बेने इस्रायल मुले आपल्याच पूर्वजांची भाषा नव्याने शिकू लागली. परंतु दुसऱ्याच्या शाळेवर समाज किती काळ विसंबून राहणार? अलिबागेस जन्मलेल्या हाईम सामुएल केहिमकर यांनी १८७५ साली इस्रायली मुलांसाठी मुंबईत स्वतंत्र शाळा काढली. तीच पुढे सर एली कदूरी शाळा म्हणून ख्याती पावली. १९०५ साली मुंबई इलाख्यात मॅट्रिकच्या परीक्षेत पहिल्या आलेल्या रिबेका रूबेन यांनी १९२२ ते १९५० या काळात त्या शाळेचे मुख्याध्यापकपद सांभाळले. जिला इतर अनेक दारे उघडी होती, अशा विदुषीने अठ्ठावीस वर्षे आपल्या लहानशा समाजाच्या मुलांत घालविली.

येथे एक अवघड गोष्ट सांगणे प्राप्त आहे. ज्या दहांच्या मोजणीचा गौरव वर केला, त्या मोजणीत जुन्या रूढीप्रमाणे मुलींना स्थान नाही. तेरा वर्षांच्या भावाची वाट पाहिली जाते. पंधरा वर्षांची बहीण मात्र हजर असूनही गणली जात नाही. मग या समाजाच्या मुलींनी काय केले? त्यांनी मोजणीबाहेर राहून आपले स्थान निर्माण केले. १९१३ साली मुंबईत बेने इस्रायल स्त्रीमंडळ उभे राहिले. डॉ. जेरुशा झिराड यांचे उदाहरण तर घरोघरी सांगावे असे आहे. लहानपणी बहिणीच्या गंभीर दुखण्यात त्यांनी मुंबईच्या कामा रुग्णालयातील स्त्री-डॉक्टरांचे काम पाहिले, आणि आपणही स्त्रियांची डॉक्टर व्हावयाचे, असे त्या वयात ठरविले. विलायतेस जाऊन त्यांनी प्रसूतिशास्त्रात उच्च पदवी मिळविली आणि १९२८ ते १९४७ या काळात त्याच कामा रुग्णालयाची धुरा वाहिली. तेथे येणाऱ्या स्त्रिया सर्व जातिधर्मांच्या होत्या. १९२५ साली त्यांनी मुंबईत उदारमतवादी ज्यू उपासनेचा पंथही सुरू केला. १९६६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. अकरा-बारा वर्षांच्या मुलीच्या मनातील निश्चयाला कोणी गांभीर्याने घेतले नसते, तर मुंबईच्या कितीतरी माता एका निष्णात डॉक्टरला मुकल्या असत्या.

१९४८ साली इस्रायलचे राष्ट्र स्थापन झाले आणि या समाजाच्या इतिहासाला नवे वळण लागले. त्या सुमारास भारतात बेने इस्रायलांची संख्या वीस हजारांच्या आसपास होती. आज ती काही हजारांवर आली आहे, आणि त्यांतील बहुसंख्य मुंबई व ठाणे येथे राहतात. येथे कोणी त्यांना छळले, म्हणून ते गेले नाहीत. या भूमीत त्यांना कधीही उपद्रव झाला नाही, हे ते स्वतः आवर्जून सांगतात. ओढ होती ती धर्मभूमीची आणि नव्या राष्ट्राच्या उभारणीची. पण तेथेही त्यांना प्रथम मोजणीतून वगळण्यात आले. १९६२ साली तेथील धर्मपीठाने, बेने इस्रायलांच्या विवाहापूर्वी वंशाची चौकशी करावी, असा आदेश काढला. लग्नाच्या वयाच्या तरुण-तरुणींवरच त्याचा घाव पडला. त्यांनी व त्यांच्या वडिलांनी जेरुसलेममध्ये सत्याग्रह केला. आणि १९६४ साली इस्रायलच्या संसदेने, बेने इस्रायल हे सर्व बाबतींत ज्यू आहेत, असा निर्वाळा दिला. भारतातून गेलेल्यांनी सत्याग्रहाचे हत्यार तेथे वापरावे, यात नवल ते काय?

इकडे मागे राहिले ते कोकणातील सिनेगॉग. कोकणात त्यांना पूर्वी मशीदच म्हणत. अलिबागच्या इस्रायल आळीत, पेणेत, रेवदंड्यास त्या वास्तू अजून उभ्या आहेत. परंतु दहा माणसे जमविणे हे तेथे कठीण झाले आहे. सणासुदीला मुंबईहून व ठाण्याहून माणसे येतात तेव्हा दिवे लागतात. अशा वेळी सुटीचा दिवस सोडून वडिलांबरोबर बसने आलेला तेरा वर्षांचा मुलगा हा तेथील समाजजीवनाचा आधारस्तंभ ठरतो, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

येथे कोणी विचारील, की इतक्या थोड्या लोकांनी केवळ आपल्यापुरते पाहिले, तर त्यात वावगे काय? परंतु इतिहासाने उत्तर निराळे दिले आहे. केहिमकरांनी आपल्या समाजाच्या मुलांसाठी काढलेली माझगावची शाळा आजही चालू आहे. मात्र तिच्यातील विद्यार्थी आता बहुतांशी इतर समाजांतील आहेत. आपल्यासाठी लावलेल्या झाडाची सावली शेजाऱ्याला मिळाली. ज्यूंच्या धर्मशास्त्रात शेताचा कोपरा कापू नये, तो गरिबासाठी व परक्यासाठी ठेवावा, अशी आज्ञा आहे. ती आज्ञा या शाळेच्या रूपाने जणू अमलात आली आहे. अलीकडे जगाच्या इतर देशांतील ज्यू तरुण-तरुणीही स्वयंसेवक म्हणून मुंबईस येतात आणि कळव्याच्या झोपडवस्तीतील मुलांना शिकवितात. त्या मुलांत ज्यू कोणी नसतात.

आता पुन्हा हैदराबादेकडे वळू. मराठवाडा १९५६ सालापर्यंत हैदराबाद संस्थानाचा, व पुढे राज्याचा भाग होता, आणि त्या काळापासून या नगरीत मराठी कुटुंबे नांदत आली आहेत. १९०७ साली स्थापन झालेली विवेकवर्धिनी पाठशाला ही त्यांच्याच कष्टांची साक्ष होय. तेलुगू आणि उर्दू यांच्या विशाल परिवारात मराठी मंडळी हा लहानसा समाज आहे. त्यांच्यापुढेही तोच प्रश्न आहे. मुले शिकतात, दूर जातात. ग्रंथालयात पांढऱ्या केसांचीच गर्दी दिसते. 'तरुणांना आस्था राहिली नाही' अशी तक्रार मग ऐकू येते. पण त्यांच्यावाचून अडावे, असे कोणते काम त्यांच्याकडे सोपविले आहे, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

बेने इस्रायलांच्या उदाहरणातून निदान एवढे तरी शिकावे. सगळेच तरुण राहतील, असे आश्वासन कोणी देऊ शकत नाही. त्या समाजातूनही पुष्कळ गेले. पण जेथे लहानपणीच त्यांना मोजले गेले, तेथून गेलेल्यांनी आपली भाषा बरोबर नेली. इस्रायलमध्येही मराठीतून नियतकालिक निघाले, हा त्याचा पुरावा आहे. आणि जे राहिले, ते सणाच्या दिवशी दार उघडण्यासाठी परत येतात. मुलींना मात्र मोजणीबाहेर ठेवण्याची चूक कोणीही करू नये. कारण ज्यांना मोजले नाही, त्यांनीच त्या समाजाचे निम्मे काम केले.

तेव्हा पुढील समारंभाच्या वेळी त्या दाराशी उभ्या असलेल्या मुलामुलींच्या हाती केवळ सतरंज्या देऊ नयेत. ग्रंथालयाची किल्ली द्यावी, जमाखर्चाची वही द्यावी, आजारी सभासदाच्या घरी पुस्तक पोहोचविण्याचे काम द्यावे, आणि ते न झाल्यास खरोखरच कोणाचे तरी अडेल, हे त्यांना कळू द्यावे. एखादे वेळी वही चुकेल, किल्लीही हरवेल. परंतु ज्या दिवशी एखादी चौदा वर्षांची मुलगी पावसात भिजत येऊन म्हणेल, 'उशीर झाला, पण मला यावेच लागले,' त्या दिवशी तो समाज तिचा झाला, असे खुशाल समजावे.