लाक्षागृहातील सहा देह



उपेक्षित स्त्रियांचा विषय निघाला की पहिली आठवण होते ती ऊर्मिलेची. पण खरे पाहता ऊर्मिला आता तितकीशी उपेक्षित राहिलेली नाही. रवींद्रनाथांनी तिची कैफियत मांडली, मैथिलीशरण गुप्तांनी 'साकेत'मध्ये तिच्या विरहाला मानाचे पान वाढले. आज आम्ही जिच्याविषयी बोलणार आहोत, तिला नावच नाही. महाभारत तिला 'निषादी' एवढेच म्हणते.

लाक्षागृहाची कथा आपण सर्वांनी कीर्तनात ऐकली आहे. लहानपणी आम्हांला त्यातले भुयारच काय ते आवडे! विदुराने धाडलेला खनक, जमिनीखालची ती वाट, आईला खांद्यावर घेऊन निघालेला भीम! सकाळी राखेत सहा देह सापडले, ते कोणाचे, हे आम्ही बुवांना कधी विचारले नाही. बुवांनीही आपण होऊन सांगितले नाही.

मूळ आदिपर्वात मात्र ते लपविलेले नाही. त्या रात्री कुंतीने ब्राह्मणभोजन घातले. एक निषादी आपल्या पाच मुलांसह अन्नाच्या आशेने तेथे आली. पोटभर जेवली, मद्य प्याली, आणि मुलांसह तेथेच निजली. मग भीमाने आग लावली. ती योगायोगाने आली, काळानेच तिला आणले, असे ग्रंथ म्हणतो. पण त्याच्या थोडेसेच आधी धर्मराज भावांना काय सांगतो ते पाहा: पुरोचनाला जाळून, सहा जीव येथे ठेवून, कोणाच्या नजरेस न पडता आपण निघून जाऊ. सहा! आकडा आधी ठरला होता, माणसे मागून आली. हा कोणा मागाहूनच्या कवीने घुसडलेला भाग असेल, अशी आशा आम्हांलाही होती. पण पुण्याच्या भांडारकर संस्थेत सुखठणकरांनी असंख्य पोथ्या ताडून १९३३ साली आदिपर्वाची जी चिकित्सित प्रत पुरी केली, तीतही ही बाई आहेच.

पांडवांचा जीव धोक्यात होता, हे आम्ही विसरत नाही. पुरोचन त्यांना जाळणारच होता. तरीही या बाईने पांडवांसाठी 'त्याग' केला असे कोणी म्हणू लागला, तर आमची जीभ अडखळते. त्याग करणाऱ्याला आपण काय देत आहोत हे ठाऊक असावे लागते. हिला तर कोणी काही विचारलेच नाही.

आणि गंमत, गंमत कसली, दैवदुर्विलास असा, की पांडवांना सावध करणारा विदुर स्वतः एका निनावी दासीचा मुलगा. व्यासांकडे पुन्हा जाण्याचे अंबिकेच्या जिवावर आले, तेव्हा तिने आपले दागिने घालून त्या दासीला पाठविले. तिचीही इच्छा कोणी विचारल्याचे दिसत नाही. व्यास प्रसन्न झाले, तिचे दास्य फिटेल म्हणाले. मात्र विदुराला राज्य मिळाले नाही. का, तर आई दासी! एका दासीच्या पोटच्या शहाणपणाने पांडव वाचले, आणि त्यांच्या जागी दुसरी तशीच बाई निजली.

पुढे हस्तिनापुरात बातमी गेली. धृतराष्ट्राने शोक केला, कुंतीच्या आणि पांडवांच्या नावाने पाणी सोडले. म्हणजे देह निषादीचा आणि तिलांजली कुंतीला! स्वर्गारोहणपर्वात धर्मराजाला नरकाचे दर्शन घडते, ते द्रोणाशी केलेल्या कपटाबद्दल. या सहा जीवांचा हिशेब तेथेही निघत नाही.

युद्ध संपल्यावर गंगेच्या काठी सारे मृतांना पाणी देत होते. तेथे कुंतीला राहवले नाही. कर्ण तुमचा थोरला भाऊ होता, त्यालाही पाणी द्या, असे ती मुलांना म्हणाली. जन्मभर दाबून ठेवलेला मुलगा त्या क्षणी तिच्या ओठांवर आला. आम्ही हा प्रसंग वाचतो तेव्हा डोळे भरून येतात. आणि मग वारणावतातली ती रात्र आठवते. त्या पाच मुलांची आईही कुंतीच्याच घरी जेवून निजली होती. तिच्या मुलांची नावे पंगतीत तरी कोणी विचारली होती काय?