फोरेचें अखेरचें चतुष्क

दोन व्हायोलिनें, एक व्हायोला व एक चेलो अशा चार तंतुवाद्यांसाठीं केलेल्या रचनेस पाश्चात्य संगीतांत ‘स्ट्रिंग क्वार्टेट’, म्हणजे तंतुवाद्यांचें चतुष्क, म्हणतात. येथें पियानोचा आधार नाहीं कीं वाद्यवृंदाचा घोष नाहीं. चार सुज्ञ माणसांनीं एका खोलींत बसून संभाषण करावें, तसा हा प्रकार आहे. एकाचें बोलणें उणें पडलें तर तें झांकावयास दुसरें कांहींच नसतें. म्हणून रचनाकाराची खरी कसोटी येथें लागते.

फ्रान्सचा गाब्रिएल फोरे हा १८४५ सालीं जन्मला आणि जवळजवळ आयुष्यभर या कसोटीपासून दूर राहिला. दब्यूसीचें चतुष्क १८९३ सालचें. फोरेचा शिष्य राव्हेल यानेंही आपलें चतुष्क १९०३ सालीं पुरें करून गुरूलाच अर्पण केलें. गुरु मात्र या वाटेस गेला नाहीं. त्याला धाक होता तो बीथोव्हेनच्या चतुष्कांचा.

१९२० सालीं तो पॅरिसच्या सरकारी संगीतविद्यालयाच्या प्रमुखपदावरून निवृत्त झाला. तोंपर्यंत कानांनीं दगा दिला होता. ऐकूं कमी येई एवढेंच नव्हे. मंद्र व तार सप्तकांतील स्वर त्याला भलत्याच स्थानीं ऐकूं येत. स्वतःची रचना ऐकणें हीच यातना झाली.

अशा स्थितींत १९२३ च्या उन्हाळ्यांत, वयाचीं अठ्ठ्याहत्तर वर्षें उलटल्यावर, आल्प्स पर्वतालगतच्या आन्सी येथें त्यानें चतुष्कास हात घातला. प्रथम मधला संथ भाग लिहिला. मग पहिला, त्यांत तारुण्यांत अर्धवट टाकलेल्या एका व्हायोलिन-रचनेंतील स्वरकल्पना पुन्हां उपयोगांत आणल्या. तिसरा भाग १९२४ च्या सप्टेंबरांत पुरा झाला. या रचनेंत कोठेंही आवेश नाहीं, टाळी घेण्याची हौस नाहीं. संथ भागांत एक वाद्य दुसऱ्याच्या हातीं स्वरवाक्य सोंपवितें, आणि शोक न करतां दुःख व्यक्त होतें.

रचना छापावी कीं नष्ट करावी, हा निर्णय फोरेनें स्वतःकडे ठेवला नाहीं. निवडक मित्रांनीं आधीं ती ऐकावी व मग ठरवावें, अशी त्याची इच्छा होती. ४ नोव्हेंबर १९२४ रोजीं तो वारला. चतुष्क लोकांपुढें प्रथम वाजलें तें १२ जून १९२५ रोजीं.

बीथोव्हेननेंही आपलीं अखेरचीं चतुष्कें बधिरावस्थेंतच लिहिलीं होतीं. ज्याच्या धाकानें फोरे जन्मभर थबकला, त्याच्याच मार्गानें अखेरीस त्याला जावें लागलें. आणि तेथें त्याला स्वतःचा स्वर सांपडला.