नर्स होण्याच्या दोन वाटा



मालवणच्या वर्गात एका आईने आम्हांला विचारले, "चेडवाक नर्स व्हायचा आसा. तीन वर्षांचा शिकवू काय चार वर्षांचा?" तिला सांगितले तेच आज सर्वांना सांगतो.

जीएनएम ही ३ वर्षांची पदविका. बीएस्सी नर्सिंग ही ४ वर्षांची पदवी. पदवीसाठी बारावीला जीवशास्त्रासह विज्ञान लागते. जीएनएमला कला शाखेची मुलगीही जाऊ शकते. शिकून झाल्यावर दोघींचीही नोंदणी होते. वॉर्डात आजाऱ्याच्या उशाशी दोघीही उभ्या राहतात. पुढे एमएस्सी करायचे, तर मात्र पदवी हवी.

रापणीची कमाई आज आहे, उद्या नाही. हात आखडता असेल, तर मुलीने जीएनएम करून कमवू लागावे. नंतर २ वर्षांत पदवी घेता येते. वाट लांबते, पण बंद होत नाही. दहावीनंतर जमेल तर विज्ञान घ्यावे, म्हणजे दोन्ही वाटा मोकळ्या राहतात.

आणि फी भरण्याआधी संस्थेला महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता आहे ना, ते कागदावर पाहा. कागद दुसऱ्याकडून वाचून घेऊ नका. आता तुम्हांला वाचता येते.