स्तुती आणि विनय

राजस्तुतीत वर्णिल्या जाणाऱ्या गुणांमध्ये विनयाचे स्थान मोठे चमत्कारिक आहे. शूराला शूर म्हटल्याने त्याचे शौर्य उणे होत नाही. दात्याला दाता म्हटल्याने त्याचा हात आखडत नाही. परंतु भर सभेत एखाद्याला ‘विनयशील’ म्हणावे आणि त्याने ते मान डोलवीत ऐकावे, की त्याच क्षणी त्याच्या विनयाला उणेपणा येतो.

मध्ययुगीन अरबी प्रशस्तिकाव्यात, म्हणजे मदीहात, शौर्य आणि औदार्य यांच्या जोडीला ‘हया’ हा गुण वाखाणलेला आढळतो. लज्जा, संकोच आणि विनय या तिन्ही छटा त्या एका शब्दात आहेत. उमय्या काळातील कवी फरज़दक याच्या नावावर चालत आलेल्या एका प्रसिद्ध कवितेत झैनुल आबिदीन यांच्या विनम्र दृष्टीचे वर्णन आहे. तो विनय दुबळ्याचा नाही. ज्याच्यापुढे लोक आपण होऊन नमतात, त्याचा तो संयम आहे.

राजसत्ता आणि विनय यांचा हाच प्रश्न म्हैसूरच्या राजदरबारी वाङ्मयातही दिसतो. १६७३ साली चिक्कदेवराज वोडेयर गादीवर आला. त्याच वर्षी भूषण कवीचा ‘शिवराजभूषण’ हा व्रजभाषेतील ग्रंथ पुरा झाला. तो ग्रंथ अलंकारशास्त्राचा. पण त्यातील उदाहरणांचा नायक शिवाजी महाराज. चिक्कदेवराजाचा बालमित्र आणि मंत्री तिरुमलार्य याने ‘अप्रतिमवीरचरितम्’ हा तशाच धाटणीचा अलंकारग्रंथ कन्नडात रचला. त्यातील उदाहरणे या राजाच्या स्तुतीची आहेत. अप्रतिमवीर म्हणजे ज्याला जोड नाही असा वीर. अशा बिरुदाशेजारी विनयाला जागा उरावी कोठे?

ती जागा ‘चिक्कदेवराज बिन्नपं’ या ग्रंथात सापडते. तो राजाच्याच नावावर आहे. मात्र त्याचे कर्तृत्व तिरुमलार्याचे असावे, असेही काही अभ्यासकांना वाटते. ‘बिन्नप’ म्हणजे विज्ञापना. जुन्या मराठी पत्रांत थोरांस लिहिताना ‘विज्ञापना ऐसीजे’ असे म्हणत, तोच हा शब्द. येथे अप्रतिमवीर राजा यदुगिरीच्या, म्हणजेच मेलुकोटे येथील नारायणापुढे अर्जदार म्हणून उभा आहे. श्रीवैष्णव शरणागतीचे तत्त्व त्याच्या मुखाने सांगितले जाते. राजा नम्र आहे असे कोणी म्हणण्याची गरजच उरत नाही, कारण ज्याच्यापुढे त्याने वाकावे, असा कोणी एक त्याच्यासमोर आहे. याच घराण्यातील राज वोडेयराने अर्पण केलेला ‘राजमुडी’ हा मुकुट मेलुकोटेच्या देवाच्या मस्तकी चढतो. मुकुट राजाने दिलेला, पण मस्तक मात्र देवाचे!

तथापि देवापुढे वाकणे एक आणि प्रजेपुढे वाकणे दुसरे. करवाढीविरुद्ध रयत उठली असता चिक्कदेवराजाने तो उठाव किती कठोरपणे मोडून काढला, याची हकीकत मार्क विल्क्स याने आपल्या दक्षिण हिंदुस्थानच्या इतिहासात दिली आहे. बिन्नपातील शरणागत आणि या हकीकतीतील राज्यकर्ता एकाच नावाचे आहेत, हे विसरून चालणार नाही.

त्याच राजवाड्यात विनयाचे आणखी एक रूप वावरत होते. संची होन्नम्मा ही राणीच्या सेवेतील स्त्री. ‘संची’ म्हणजे आपली पानसुपारीची चंची. ती सांभाळणे हे तिचे काम, आणि त्यावरूनच तिचे नाव पडले. ‘हदिबदेय धर्म’ या आपल्या काव्यात तिने पतिव्रतेचा धर्म, लीनता आणि सेवा यांचा उपदेश केला. परंतु मुलीला मुलापेक्षा कमी लेखणाऱ्यांना, आपल्याला जन्म देणारी आईही स्त्रीच होती, याची आठवण करून देण्यास ती कचरली नाही. विनय म्हणजे मौन नव्हे, हे दरबारातील या चंचीवालीने दाखवून दिले.

स्तुती ऐकणाऱ्याच्या माथी एक ऋण चढते. कवीने शूर म्हटले, तर ते रणांगणावर फेडता येते. उदार म्हटले, तर दानाने. नम्र म्हटल्याचे ऋण मात्र सभेत फिटत नाही. सभा उठल्यावर, ज्याची भीती बाळगण्याचे कारण नाही अशा माणसाशी राजा कसा वागतो, तेथेच ते फिटते किंवा बुडते.